ओलं पोतं

अर्जुनीच्या बाजारात एखाद्या कॉलेजच्या पोराची पँट मांडीवर ओली दिसली, तर त्याला कुणी हसत नसे. "सरांच्या मागं बसून आला वाटते," एवढं म्हणून लोक आपापल्या कामाला लागत. पोरींचंही तेच. माझ्या साऱ्या सलवारी मांडीवरच फिक्या पडल्या, त्या सरांच्या गाडीपायी. आई चिडायची. "कॉलेजात जातेस का धोबीघाटावर?" म्हणायची.

सर आम्हाला इतिहास शिकवायचे आणि आमच्याच गल्लीत, दोन घरं सोडून राहायचे. उंच, वाळका माणूस, चष्म्याला एका बाजूनं दोरा बांधलेला. त्यांच्या मोपेडच्या मागच्या सीटवर बारदान्याचं एक पोतं घडी करून ठेवलेलं असे, आणि ते कायम ओलं. उन्हाळा असो की ऐन थंडी. रस्त्यात नळ दिसला, हापशी दिसली, तलाव दिसला की गाडी थांबवायची, पोतं बुडवायचं, थोडं पिळायचं आणि परत सीटवर ठेवायचं. मागं बसणाऱ्यानं ते मांडीवर घ्यायचं, हा नियम. कुणी नाक मुरडलं तर सर म्हणत, "वाळलेलं पोतं म्हणजे सरपण. ओलं असलं तरच त्याचा काही उपयोग आहे." खऱ्या बंबाची गाडी लांबून यायची, आणि ती येईपर्यंत गावातले लोक नुसते ओरडत उभे राहतात, हे त्यांना सहन होत नसे.

आगीचं त्यांचं हे वेड गल्लीत सगळ्यात जास्त कुणी सोसलं असेल तर त्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी. काकूंनी चहा मांडला आणि त्या जरा अंगणात गेल्या की सर स्वयंपाकघरात जाऊन सिलिंडरचं रेग्युलेटरच बंद करून यायचे. "या माणसासंग संसार करून मी आजपर्यंत उकळलेला चहा पिला नाही गं," काकू मला सांगायच्या. सांगताना हसायच्या, पण खरंच वैतागलेल्या असायच्या.

पानटपरीवर विडी पेटवायला जळती सुतळी टांगून ठेवतात ना, ती दिसली की सरांचे पाय अडलेच. टपरीवाल्याला न विचारता तिच्याखाली पाण्यानं भरलेलं डबडं ठेवून मोकळे. टपरीवाला ओरडायचा, "सर, आग विझवता का माझा धंदा?" सर पैसे देऊन एक सुपारी घ्यायचे आणि डबडं तिथंच राहायचं. काही दिवसांनी गावातल्या प्रत्येक टपरीखाली डबडं दिसायला लागलं. कुणाला विचारलं तर सांगे, "नाही ठेवलं त थो मास्तर रोज येऊन बसते बाप्पा."

कुठंही गेले की त्यांचा पहिला प्रश्न एकच, "निघाचं कुठून?" लग्नाचा मांडव असो, सिनेमा असो, कुणाचं बारसं असो. आत शिरायच्या आधी बाहेर पडायचा रस्ता पाहून घ्यायचा. वर्गातही तसंच. किल्ला कुणी बांधला, कुणी जिंकला, यात त्यांना फारशी गोडी नव्हती. "याले दुसरा दरवाजा होता का?" हे मात्र विचारणारच. आम्ही पोरं सनावळ्या साफ विसरलो, पण कोणत्या किल्ल्याला चोरवाट होती ते मला आजही झोपेतून उठवून विचारा.

मला पाहायला गोंदियाहून मंडळी आली तेव्हा शेजारधर्म म्हणून सरही येऊन बसले. होणारे सासरे घराचं वर्णन करत होते. तीन मजली घर, खाली दुकान, वर सगळी सोय. सरांनी मध्येच तोंड घातलं, "वरून निघायले जिने किती?" सासरे गडबडले. म्हणाले, "जीना तो एक ही है सर, पर चौडा है." सर शांतपणे म्हणाले, "मग आमची पोरगी वरच्या मजल्यावर झोपणार नाही." बाबांनी कपाळाला हात लावला. मला मेलीला हसू आवरेना. लग्न जमलं ते जमलंच, आणि मी अजून खालीच झोपते. नवरा चिडवतो, "तुझ्या सरांची शर्त आहे ना."

आता सर मुलाकडं नागपूरला असतात. पाचव्या मजल्यावर. जायला तयारच नव्हते. त्या बिल्डिंगला दोन जिने आहेत हे मुलानं फोटो काढून दाखवलं, तेव्हा कुठं सामान बांधलं. माहेरी गेल्यावर गल्लीतून जाताना त्यांच्या कुलूप लावलेल्या घराकडं पाहिलं की जीव कसानुसा होतो माझा. खोटं कशाला बोलू.

कॉलेजात सेवा शिबिराचं काम त्यांच्याकडं आलं, तेव्हा प्राचार्यांना वाटलं, बाकी कॉलेजांसारखी पोरं झाडं लावतील, फेरी काढतील, फोटो येईल. सरांनी वर्गात येऊन सांगितलं, "ज्याले आग विझवाचं शिकायचं असन त्यानं मैदानावर यावं." आम्ही बरेच गेलो, मजा म्हणून. मैदानाच्या कोपऱ्यात तणशीचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, छोटा ढीग होता. त्यांनी काडी लावली आणि हात मागं बांधून उभे राहिले. "आता काय करता?"

निम्मे नळाकडं पळाले. काहींनी मोबाईल काढले. देवानंद म्हणून आमच्या वर्गातला एक दांडगा पोरगा होता, त्यानं सरांचं पोतं उचललं आणि दणादण बडवायला लागला. ठिणग्या उडून त्याच्याच शर्टाला भोकं पडली. सर ओरडले, "साप आहे का बडवाले? दाब! दाबून धर!" मग स्वतः वाकले, पोतं आगीवर अलगद पसरलं, वरून हातानं थापलं, लेकराला थापटावं तसं. धूर निघाला आणि संपलं. मग आम्हाला रांगेत उभं करून म्हणाले, "पाण्याकडं पळाले ते पास. मोबाईल काढला ते घरी जा. पण वारा कुठून आहे हे एकानंही पाहिलं नाही. आग लागली का पहिले विचारायचं, वारा कुठून आहे?"

त्या दिवसापासून 'वारा कुठून आहे?' हे आमच्या कॉलेजात नमस्कारासारखं झालं. कँटीनमध्ये समोसे उशिरा आले तरी पोरं एकमेकांना विचारायची, वारा कुठून आहे. सरांना कळायचं की चेष्टा चालली आहे. ते खरंच वर पाहून उत्तर द्यायचे, "उत्तरेकून."

सरांचं घर कधीतरी जळलं असणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो. नाही तर माणूस असा होईल कशाला? एकानं सांगितलं, लहानपणी बहीण गेली. दुसऱ्यानं सांगितलं, कापून रचलेले धानाचे पुंजणे जळाले. शेवटी मीच एकदा मागच्या सीटवरून, मांडीवर पोतं घेऊन, विचारलं. "सर, तुमचं काय जळलं होतं?"

"कुठं काय? काही नाही."

"मग हे सगळं काऊन?"

त्यांनी गाडीच थांबवली. मागं वळून माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू मी चुकीच्या वर्गात बसले आहे. "जळाव लागते काय आधी?" म्हणाले. मग गाडी सुरू केली.

प्राचार्यांचा आणि त्यांचा खटका उडाला तो स्नेहसंमेलनात. पाहुणे मोठे होते. समई पेटवली, टाळ्या झाल्या, पाहुण्यांचं भाषण सुरू झालं. सर स्टेजच्या कडेला पोतं घेऊन उभेच होते, दरवर्षी राहायचे. मागं नायलॉनचा झगझगीत पडदा. कुणीतरी पंखा वाढवला आणि पडदा समईकडं फुगला. पुढचं एका दमात झालं. सर तीरासारखे आले, ओलं पोतं समईवर पडलं, आणि पाहुण्यांच्या पांढऱ्या शुभ्र कपड्यांवर तेलाचा आणि पाण्याचा फवारा. सभागृहात पोरांनी जो गोंधळ घातला तो विचारू नका. प्राचार्य धावत आले. "अहो सर, पाहुण्यांचं भाषण चालू होतं!" सर पोतं पिळत म्हणाले, "भाषण परत करता येते साहेब." पाहुणे बिचारे भले होते. म्हणाले, खरंच पडदा पेटला असता. पण पुढच्या वर्षीपासून प्राचार्यांनी समईच्या जागी विजेचे दिवे लावले. सर हरखून गेले. आपल्याला टोमणा मारला आहे हे त्यांच्या डोक्यात शिरलंच नाही.

असे सर. हसावं, चिडवावं, मागं बसून भिजावं. पण त्यांना जीव तोडून काय हवं होतं, ते मला कळलं मोहाच्या गावात.

डोंगराच्या पायथ्याशी एक लहान गाव आहे. सभोवती मोहाची झाडं. मार्चात पहाटे मोहाची फुलं गळतात आणि बाया टोपल्या घेऊन वेचायला जातात. झाडाखाली वाळल्या पानांचा थर असला की फूल त्यात हरवतं. म्हणून आधी ती पानं पेटवून द्यायची. जमीन काळी, साफ झाली की फिकं पिवळं फूल लांबून दिसतं. साऱ्या भागातली ही रीत आहे, आणि पेटवून बाया घरी येतात. मागं ती आग कुठं जाते, ते कुणी पाहत नाही. एका वर्षी वारा फिरला, आग गावाकडं उतरली आणि एक गोठा तणशीसकट गेला. आत वासरू बांधलेलं होतं. आम्ही सरांबरोबर गेलो तेव्हा सारं संपलेलं होतं. लोक म्हणाले, "दरसाल लागते सर. जंगल होय." सर बराच वेळ त्या जळक्या खुंट्याजवळ उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी कुणाला वारा विचारला नाही.

पुढच्या मोसमाच्या आधी ते मला, देवानंदला आणि आणखी काही पोरांना घेऊन गावात गेले. मोहाच्या कामात सायत्राबाईचा शब्द चालायचा. म्हातारी, पण आवाज खणखणीत. सरांनी सांगितलं, पानं जाळू नका, झाडून घ्या, ढीग शेतात, धानाच्या बांधीत टाका, खत होईल. सायत्राबाई पदर तोंडाला लावून हसली. "जंगल कोन झाडते बाप्पा?"

"माझे पोरं झाडतीन."

आम्ही एकमेकांची तोंडं पाहिली. देवानंद माझ्या कानात पुटपुटला, "बीए करून राहिलो का झाडू मारून राहिलो?"

सायत्राबाईनं मात्र सौदा केला. "तुमचे पोट्टे झाडतीन त आमी नाई जाळू. पन ज्या दिवशी नाई आले, त्या दिवशी मी काडी लावीन. मंग मले बोल लावाचा नाई."

"कबूल," सर म्हणाले.

मग काय, खराटे आले. पहाटे आम्ही उठायचो, देवानंद कुणाच्या तरी मालवाहू गाडीत पोरं भरून आणायचा, सर मोपेडवर पुढं आणि मी पोतं घेऊन मागं. मोहाच्या झाडाखाली खराटा मारायचा. पाठ मोडायची, हाताला फोड यायचे, आणि आज झाडलं की उद्या परत पानं हजर. बाया टोपल्या घेऊन उभ्या राहायच्या आणि आमच्यावर हसायच्या. "अवं पोरी, सासरी असाच खराटा मारशीन काय?" पण झाडलेल्या जमिनीवर फूल स्वच्छ यायचं, राख लागायची नाही, हे त्यांनाही दिसत होतं. त्या मोसमात त्या गावच्या बाजूनं आग लागली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

आम्ही खुश. सर नव्हते. एकदा परत येताना तलावावर पोतं बुडवता बुडवता मला म्हणाले, "तुम्ही येता म्हणून ते जाळत नाहीत. उद्या मी रिटायर होईन, तुम्ही पास होऊन जाल. मग? आपण नसताना, एक दिवस, फक्त एक दिवस, या लोकांनी काडी लावली नाही ना पोरी, तर मी समजीन का मी नोकरी केली."

सायत्राबाईचा सौदा मलाही पाठ होता.

आणि मग लॉकडाऊन लागला. ऐन मोहाच्या मोसमात. कॉलेज बंद, होस्टेल रिकामं, पोरं आपापल्या गावी. एसटी बंद, रेल्वे बंद, अर्जुनीच्या बाजारात कुत्रं फिरेना. सर रोज सकाळी गच्चीवर चढून डोंगराकडं पाहत बसायचे. आमच्या गच्चीवरून दिसायचे मला. चहा वर नेऊन काकू थकल्या. एवढ्या लांबून गावाचा धूर दिसतो थोडाच? पण त्यांना सांगणार कोण?

काही दिवसांनी काकूच आमच्या दारात आल्या, तोंडाला पदर लावून. "पोरी, हा माणूस एकटा निघून राहिला. खराटा बांधला गाडीले. माझं काही ऐकत नाही. तू जा बापा त्याच्यासंग." बाबा नको म्हणत होते. मी ओढणी तोंडाला बांधली आणि मागं जाऊन बसले. मांडीवर पोतं. नेहमीपेक्षा जास्तच ओलं होतं, सगळं पाणी माझ्या पायावरून ओघळलं.

नाक्यावर पोलिसानं अडवलं. "सर, कुठं?"

"झाडाले."

"काय झाडाले?"

"जंगल."

तो सरांचाच जुना विद्यार्थी निघाला. त्यानं खराट्याकडं पाहिलं, माझ्या ओल्या सलवारीकडं पाहिलं आणि दांडका बाजूला घेतला. "लवकर वापस येजा सर," एवढंच म्हणाला.

रस्त्यात सरांनी गाडी कुठंच थांबवली नाही. सारखं आभाळाकडं नाक. मला भीती वाटत होती ती रोगाची नाही, खरं सांगते. धूर दिसला तर या माणसाला घरी परत कसं न्यायचं, याची.

गावाच्या तोंडाशी बैलबंडी आडवी लावलेली, तिच्यावर बोराट्या, बोरीच्या काटेरी फांद्या. गावबंदी. पलीकडून एक पोरगा ओरडला, "बाहेरच्याले बंद आहे!" सरांनी गाडी उभी केली आणि सायत्राबाईला बोलवा म्हणाले. ती आली, पण बंडीपासून चांगली लांब उभी राहिली.

"काऊन आले सर? रोग आनान गावात. जा वापस."

"मोह गळून राहिला ना?"

"गळून राहिला."

"पोरं नाही आले माझे." सरांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "मी आलो. मी झाडतो. मला एकट्याला आत घे. काडी लावू नको सायत्राबाई."

सायत्राबाईनं तोंडावर बोट ठेवून आम्हाला गप्प केलं आणि जंगलाकडं हात दाखवला.

त्या दिवसांत कसं सामसूम असायचं, आठवतं ना? गाडी नाही, भोंगा नाही, माणसाचा आवाज नाही. त्या शांततेत आधी पाखरं ऐकू आली. मग त्यांच्या मागून, झाडांतून, खर्र... खर्र... खर्र. एक नाही, चार ठिकाणांहून. खराटे चालले होते.

"सुना झाडून राहिल्या," सायत्राबाई म्हणाली. "शाळा बंद, त लेकरं बी लावले कामाले. तुमी नाई आले त्या दिवशी मी काडी घेऊन गेली होती सर. बोलली होती म्हून गेली. काडी ओढनार, त तोंडातून आपोआप निघून गेलं, वारा कुठून आहे? मंग मलेच हासू आलं. एकटीच हासत बसली जंगलात. आनं वाटलं, लागली त आता येनार कोन? ठेवून देली काडी."

सरांनी चष्मा काढला. दोरा सुटला होता, तो बांधत बसले. मग विचारलं, "आज कुठून आहे?"

"डोंगराकून," सायत्राबाई म्हणाली. "म्हून इकडची झाडं पहिले घेतली." मग तिनं माझ्या मांडीकडं बोट दाखवलं. "थे पोतं ठेवून जा इथं. आमच्याकडं वाळलेलेच आहेत."

मी सरांकडं पाहिलं. ते पोतं त्यांनी कधी कुणाकडं मागं सोडलं नव्हतं, अगदी मुलाच्या लग्नातही मांडवात घेऊन बसले होते. त्यांनी ते माझ्याकडून घेतलं, बोराट्यांवरून हात लांब करून बंडीवर पसरलं. थापटलं एकदा. खराटाही तिथंच ठेवला.

येताना तलाव आला, हापशी आली, गाडी थांबली नाही. चढतं ऊन होतं, गरम वारा लागत होता. काकू दारातच उभ्या होत्या. त्यांनी आधी माझ्या मांडीकडं पाहिलं. सलवार कडकडीत वाळलेली. काकूंचा चेहराच उतरला.

"पोतं कुठं गेलं गं? आग लागली काय?"

"नाही काकू," मी म्हणाले. "लागली नाही."